बंद टाकीतले दोन मृत्यू

त्या लोखंडी टाकीच्या तोंडाशी मी उभा होतो, तो दिवस इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेला नाही. नोकरीत पुष्कळ प्रेते पाहिली. बहुतेकांचे चेहरे आता आठवत नाहीत. ही दोन माणसे मात्र आठवतात, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त आठवतो तो तिसरा, जो त्या दिवशी जिवंत राहिला.

सन एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराची गोष्ट. मी रत्नागिरीत एका ठाण्यावर फौजदार होतो. मूळचा घाटावरचा, वय बत्तीस. माझ्या हाती लागलेला आरोपी बोलतोच, असा खात्यात माझा लौकिक होता. तो कसा मिळवला हे कुणी विचारत नसे आणि मीही सांगत नसे. या प्रकरणातली माणसे गरीब होती, त्यांची मुलेबाळे अजून त्या भागात आहेत, म्हणून नावे लिहीत नाही.

भातकापणी नुकतीच आटोपली होती. सकाळची हजेरी होऊन शिपाई आपापल्या कामाला गेले होते आणि मी स्टेशन डायरी पाहत बसलो होतो. तेवढ्यात एक माणूस गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला असा आत आला. भाट्याच्या खाडीत एका व्यापाऱ्याने जुनी लोखंडी बोट मोडीत काढण्यासाठी आणून ठेवली होती. हा तिथला मुकादम.

"साहेब, बोटीवर दोन माणसं मेलीत," तो म्हणाला. "टाकीत कोंडून मारलीत. तिसरा पळाला."

"कुणी पाहिलं?"

"पाहिलं कुणी नाही. पण झाकण वरनं लावलेलं होतं. आतनं कोण लावणार?"

मग त्याने बाकीचे सांगितले. आतल्या बाजूच्या एका गावातून तीन मजूर कामाला आले होते. दोघे सख्खे भाऊ, तिसरा त्यांच्याच वाडीतला शेजारी. त्या दिवशी त्यांना गोड्या पाण्याची एक टाकी उघडून आतून साफ करायला सांगितले होते. मुकादम दुसऱ्या कामासाठी किनाऱ्यावर गेला. तासाभराने परतला तेव्हा बोटीवर कुणी नव्हते. टाकीचे झाकण जागेवर होते आणि त्याचे दोन नट हाताने आवळलेले होते. त्याने ते काढून आत पाहिले. थोरला भाऊ आणि शेजारी तळाशी पडले होते. धाकटा भाऊ नाहीसा झाला होता.

"सकाळीच दोघा भावांचं वाजलं होतं," मुकादम म्हणाला. "शेताच्या बांधावरनं. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

इतके ऐकल्यावर माझ्या डोक्यात प्रकरण पुरे झाले होते. पुढचा तपास मी केला तो हे खरे ठरवण्यासाठी. त्या वेळी मला ते कळले नाही.

बोट ओहोटीने चिखलात कलली होती. डेकखाली तिच्या दोन्ही अंगांना एकसारख्या दोन टाक्या होत्या. उघडलेल्या टाकीला वरून माणूस जेमतेम उतरेल एवढे गोल तोंड होते. जवळपासच्या होडीवाल्यांना मी प्रेते काढायला सांगितले, पण एकही पुढे होईना.

"आमी नाय उतरनार, सायेब," त्यांतला म्हातारा म्हणाला. "आत गिऱ्हा हाय."

गिऱ्हा म्हणजे पाण्यातले भूत, ते माणसाला आत ओढते, असे माझ्या जमादाराने मला समजावले. जमादार तिथलाच, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी होडीवाल्यांना चार शब्द सुनावले. शेवटी त्यांनी दोरीला गळ बांधून वरूनच प्रेते ओढून घेतली. त्यांच्या त्या भीतीने त्या दिवशी आणखी एक-दोन जीव वाचवले.

पंचनामा मी स्वतः लिहिला. प्रेतांवर जखम नाही, गळ्यावर वळ नाही. टाकी आठ फूट लांब, सहा फूट रुंद, पाच फूट खोल. तळाला चार बोटे पाणी, चवीला खारट. आतला पत्रा सर्व बाजूंनी तांबडा, गंजाचे पापुद्रे सुटलेले. सगळ्या प्रकरणाचा उलगडा या शेवटच्या दोन ओळींत होता. त्या माझ्याच हाताने लिहिल्या गेल्या आणि मी खाली सही केली.

धाकटा त्याच संध्याकाळी सापडला. तो लपलेला नव्हता. सहा कोस धावत तो आपल्या गावी गेला होता आणि ग्रामदेवतेच्या देवळात गुरवापुढे बसून त्याला देवीपुढे गाऱ्हाणे घालायला सांगत होता. पायांच्या टाचा फुटल्या होत्या. मला पाहून तो उठला आणि म्हणाला, "सायेब, दादाला काढलात काय वर?"

मी त्याला बेड्या घातल्या. थोरल्याची बायको देवळाच्या पायरीवर उभी होती. बांधावरून भांडण झाले होते का, असे मी तिला विचारले. ती रडत होती. तिने मान हलवली. हो, झाले होते. तेवढे मी जबाबात घेतले. भांडण कोणत्या घरात होत नाही, हेही ती म्हणाली होती. ते मी घेतले नाही.

ठाण्यात आणल्यावर पहिल्या दिवशी त्याने जे सांगितले ते मला जवळजवळ शब्दशः आठवते.

"आमी झाकण काढलं नि दादा शिडीवरनं खाली गेला. तळाला पाय टेकलान नि बसला. बसला तो आडवाच झाला. आमी हाका मारल्या, बोलला नाय. मग शेजारी म्हनाला, मी बघतो. तो अर्ध्या शिडीवर व्हता नि हात सुटलान त्येचा. मी वाकून बघितलं तर माज्याच डोळ्यांफुडं काळोख आला."

"मग तू काय केलंस?"

"झाकण लावलं."

"का?"

"तो वर आला असता."

"कोण?"

"गिऱ्हा, सायेब. त्यानंच खेचलान दोघांना."

कोठडीबाहेर आल्यावर जमादार हळूच म्हणाला, "साहेब, हा खोटं बोलत नाही. भ्यालेला माणूस आहे."

"भ्यालेला आहे म्हणूनच खोटं बोलतोय," मी म्हणालो.

मॅजिस्ट्रेटकडून रिमांड घेतला. पुढचे तीन दिवस मी काय केले ते झाकून ठेवत नाही. त्याला उभे ठेवले, झोपू दिले नाही, पाणी मोजून दिले. पट्टाही वापरला. आणि दर वेळी एकच प्रश्न विचारला, "तू झाकण लावलंस तेव्हा तुझा भाऊ जिवंत होता. त्याने आतून तुला हाक मारली. मारली ना?"

पहिल्या दिवशी तो नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आठवत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "मारली असंल."

"असेल नाही. मारली की नाही?"

"मारलान."

"काय म्हणाला?"

 त्याने आपल्या लहानपणीच्या नावाने स्वतःलाच हाक मारून दाखवली. घरात थोरला त्याला त्या नावाने बोलवत असावा. माझ्या अंगावर काटा आला, आणि सत्य बाहेर पडले की असाच काटा येतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून त्याला मॅजिस्ट्रेटपुढे नेले. मॅजिस्ट्रेटनी रीतीप्रमाणे विचारले, पोलिसांनी मारहाण केली का, दम दिला का. तो नाही म्हणाला. मी दाराबाहेर उभा होतो. कबुलीजबाब लिहून झाला, अंगठा झाला, आणि त्याची रवानगी कच्च्या कैदेत झाली.

प्रेते तपासणारे डॉक्टर कमी बोलणारे गृहस्थ होते. मुंबईहून केमिकल अॅनालायझरचा दाखला आला, विष नाही. तो आल्यावर डॉक्टरांनी मला बोलावून घेतले.

"झाकण किती वेळ बंद होतं?"

"तासभर. फार तर सव्वा."

"एवढ्या टाकीतल्या हवेत दोन माणसं तासाभरात गुदमरत नाहीत, फौजदार. संध्याकाळपर्यंत तरी तगली असती."

"मग ती कशाने मेली?"

"ते मला सांगता येत नाही. आणि तुम्हालाही येत नाही, हे लक्षात ठेवा."

मी ते लक्षात ठेवले नाही. कबुली हातात होती. तपासात एखादा सांधा जुळत नसला तरी कबुली तो बुजवून टाकते, असा माझा अनुभव होता.

डॉक्टरांनी ही अडचण हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका मास्तरांच्या कानावर घातली. दोघांचे रोज मांडवीच्या किनाऱ्यावर फिरणे असे. तीन-चार दिवसांनी मास्तर ठाण्यात आले. बारीक अंगाचे, काळी टोपी, कोटाच्या बाहीवर खडूची भुकटी.

"फौजदारसाहेब, ती टाकी आतनं कशी होती?" त्यांनी विचारले.

"कशी म्हणजे? लोखंडाची."

"कोरी की गंजलेली?"

"गंजलेली."

"तिच्यात कधी अॅसिड ठेवत होते का? लोखंडावर अॅसिड पडलं की बुडबुडे येतात, त्यातनं एक वायू सुटतो. तोही कोंडलेल्या जागी माणसाला घातक."

"अॅसिड नाही. पिण्याच्या पाण्याची टाकी. तळाला थोडं खारं पाणी होतं."

"किती दिवस बंद होती?"

"दोन वर्षं, असं मुकादम म्हणतो."

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. "मग आतली हवा लोखंडानंच खाल्ली," ते म्हणाले.

मला हसू आले. मी त्यांना चहा पाजला आणि कोर्टात काम आहे असे सांगून वाटेला लावले. ते पुन्हा आले दहा दिवसांनी. आरोपीने कैदेत काढलेल्या त्या दहा दिवसांचा हिशेब मी पुढे अनेकदा स्वतःशी केला आहे.

या खेपेला त्यांच्याजवळ एक बशी आणि एका टोकाला बंद असलेली काचेची नळी होती. नळी आतून ओली करून तिच्यात त्यांनी लोखंडाचा कीस चिकटवला होता. बशीत मिठाचे पाणी ओतून त्यात नळी उलटी उभी केली आणि पाण्याच्या पातळीशी काचेवर कागदाची पट्टी डकवली.

"ही तुमच्या टेबलावर राहू द्या," ते म्हणाले. "सोनं पाण्यात कितीही ठेवा, त्याला काही होत नाही. तांबं हिरवं पडतं, पण सावकाश. लोखंडाचं तसं नाही. त्याला ओल मिळाली की ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्याचा गंज होतो. मीठ असलं की काम आणखी लवकर. उघड्यावर आपल्याला ते जाणवत नाही, कारण नवी हवा येत राहते. बंद जागेत कुठून येणार?"

"आणि हवा खाल्ली हे मला कसं दिसणार?"

"जेवढी खाईल तेवढं पाणी वर चढेल. रोज एक रेघ मारा."

मी रेघा मारल्या. प्रथम करमणूक म्हणून. दुसऱ्या दिवशी पाणी बोटभर चढले होते. करडा कीस तांबूस झाला होता, त्या टाकीसारखाच. तिसऱ्या दिवशी आणखी चढले. कामासाठी आलेली माणसे टेबलावरची ती नळी पाहून काय आहे म्हणून विचारत. पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी थांबले. नळीचा पाचवा हिस्सा पाण्याने भरला होता. मास्तरांनी नळीचे तोंड अंगठ्याने दाबून ती सुलटी केली आणि जळती काडी आत घातली. ती पाण्यात बुडवावी तशी विझली.

"ज्या हवेत काडी जळत नाही," मास्तर म्हणाले, "तिच्यात माणूस दोन-चार श्वास घेतो आणि पडतो. गुदमरल्याचंही त्याला कळत नाही."

मला धाकट्याचा पहिला जबाब आठवला. बसला तो आडवाच झाला. वाकून बघितले तर माझ्याच डोळ्यांपुढे काळोख आला. कागद माझ्या कपाटात होता. मी तो काढून पुन्हा वाचला.

बोटीवरची दुसरी टाकी अजून उघडलेली नव्हती. प्रकरणामुळे तिथले काम बंद पडले होते. सुपरिंटेंडेंट साहेबांची परवानगी घेऊन मी दोन पंच, डॉक्टर, मास्तर आणि मुकादम यांना घेऊन गेलो. आठ नट आवळलेले होते, ते पान्याने सोडवले. झाकण निघताच मास्तरांनी सगळ्यांना दोन हात मागे सरायला लावले. पेटता कंदील दोरीने आत सोडला. हातभर खाली जाईतो ज्योत बारीक झाली, पिवळी पडली आणि गेली. दुसऱ्यांदा सोडला, पुन्हा गेला. मग टोपलीत घातलेली एक कोंबडी सोडली. टोपली तळाला लागण्याआधीच तिची फडफड थांबली. वर घेतली तेव्हा मान लोंबत होती.

मुकादमाने डोक्यावरचा रुमाल काढला. पहिल्या दिवशी नकार देणारा म्हातारा होडीवाला काठावर उभा होता. तो म्हणाला, "आमी सांगितलं व्हतं, सायेब."

मास्तरांनी त्याला काही शिकवायचा प्रयत्न केला नाही. मीही केला नाही. पहिल्या टाकीपासून ही टाकी पाच पावलांवर होती. दीड महिन्यात कोणत्याही दिवशी मला ती उघडता आली असती.

पुढचे कागद लवकर झाले. डॉक्टरांनी लेखी मत दिले की दोघेही आत उतरताच काही क्षणांत बेशुद्ध झाले असावेत आणि त्यानंतर काही मिनिटांत मेले असावेत. झाकण लावल्याने काही फरक पडला नाही. मी आरोपीविरुद्ध पुरावा नसल्याचा रिपोर्ट पाठवला आणि त्याच्या सुटकेचा हुकूम झाला.

तो हुकूम त्याला वाचून दाखवायला मी स्वतः गेलो. त्याचे केस वाढले होते, गाल बसले होते. तू निर्दोष आहेस, हे मी त्याला तीन-तीनदा सांगितले. टाकीतली हवा वाईट होती, तुझ्या भावाला कुणी मारले नाही, तू तर मुळीच नाही.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "पन सायेब, मी झाकण लावलं तवा दादा जिता व्हता."

"नव्हता. असला तरी त्याला शुद्ध नव्हती."

"मला हाक मारलान त्यानं."

"ते मी तुझ्याकडनं वदवून घेतलं. तू पहिल्या दिवशी तसं म्हणाला नव्हतास."

"तवा आठवत नव्हतं," तो म्हणाला. "आता रोज आयकू येते."

जमादाराने त्याला गावापर्यंत पोचवले. परत आल्यावर तो माझ्याशी आठ-दहा दिवस कामापुरतेच बोलला.

पुढच्या चैत्रात दुसऱ्या एका तपासासाठी त्या बाजूला गेलो असताना मी वाट वाकडी करून त्याच्या वाडीवर गेलो. थोरल्याची बायको अंगणात गवत झोडत होती. तिने मला ओळखले, पण बसा म्हणाली नाही.

"भावजी आत हाईत," ती म्हणाली. "दार लावू देत नायत. घराचं नाय, पडवीचं नाय, पेटीचं झाकन पन नाय. थंडीत पोरं कुडकुडत निजली. आता पाऊस येईल, तवा मी पोरांना घेऊन म्हायेरी जानार."

"त्यांचा काही दोष नाही, हे कळलं ना तुम्हाला?"

"तुमी सांगितलात तसं कळलं," ती म्हणाली. "बांधावरचं भांडन लिवून घेतलात, तवा पन तुमीच सांगत व्हतात." आणि तिने पुन्हा कामाला हात घातला.

तो पडवीत उघड्या दारासमोर बसला होता. मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो आणि डॉक्टरांनी लिहिलेले सगळे सोप्या शब्दांत सांगितले. माणूस अशा हवेत पडला की त्याच्याने हात उचलवत नाही. त्याला ओरडता येत नाही. तुझा भाऊ तळाला टेकला तेव्हाच संपला. आतून कुणीही हाक मारलेली नाही, मारणे शक्यच नव्हते.

तो माझ्याकडे बघत राहिला. प्रथमच काही समजल्यासारखे त्याच्या तोंडावर दिसले, आणि मला वाटले की सुटला.

"मग ती कुनी मारलान, सायेब?" त्याने विचारले.

मला उत्तर ठाऊक होते. पण गणवेश अंगावर होता, आणि अंगणातून त्याची वहिनी ऐकत होती. मी उठलो आणि निघून आलो.

तो त्याच पावसाळ्यात तापाने गेला. घरात एकटाच होता. पोलीस पाटलाचा कागद माझ्याकडे आला त्यात लिहिले होते की दारे सताड उघडी होती आणि अंथरूण भिजलेले होते. संशय काही नाही. मी त्यावर सही करून तो फायलीला लावला.

यानंतर मी कुणावर हात उगारला नाही, असे लिहिले तर वाचकांना बरे वाटेल. ते खरे नाही. उगारला, पुढेही दोन-तीनदा. सवय एका प्रकरणाने सुटत नाही. एवढेच झाले की प्रश्नात उत्तर घालून विचारायचे मी सोडले आणि माझ्या हाताखालच्या माणसांनाही सोडायला लावले. माराचे वळ महिन्याभरात जातात. आपण माणसाच्या डोक्यात घातलेले वाक्य मात्र त्याचे स्वतःचे होऊन बसते, आणि ते काढण्याचा अधिकार कोणत्याही कोर्टाला नाही. पोलिसाच्या हातात हे सर्वांत भयंकर हत्यार आहे आणि त्याची नोंद कुठल्याच मुद्देमालाच्या यादीत होत नाही.

कंदील आणि कोंबडीच्या त्या पंचनाम्यावर वरिष्ठ खूष झाले. शास्त्राच्या आधारे तपास करून निरपराध इसमास सोडवले, असा शेरा माझ्या सर्व्हिस बुकात आहे. पुढची बढती मला त्या शेऱ्यामुळे दोन वर्षे लवकर मिळाली. मी ती घेतली.